मे महिन्यात बांधलेलं बेट

मुंबईला मी याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला. या खेपेला गेले ती एक बेट मोडायची परवानगी मागायला. राणीचा बाग, म्युझियम, मलबार हिल यांतलं मी काही पाहिलं नाही. ती माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी वाचावं.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी आहे. मी तिथल्या शाळेत शिकवते. मुंबईची बोट आमच्याकडे बाहेर खोल पाण्यात उभी राहते. तिथून पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, उतरायचं, आणि ओहोटी असेल तर पडावातूनही खाली उतरून गुडघाभर चिखलातून किनारा गाठायचा. डोक्यावर ट्रंक, कडेला पोर. मे महिन्यात गिरणीतले चाकरमानी सुट्टीवर येतात तेव्हा पहिलं दर्शन होतं ते असं. परळ-लालबागच्या आमच्या ग्रामस्थ मंडळाला ही गोष्ट फार वर्षं डाचत होती.

खाडीच्या तोंडात मधोमध एक खडक होता. त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी होतं. मंडळानं ठरवलं, या खडकाभोवती दगडांचा भराव घालून बेट करायचं. पडाव भरती-ओहोटी न बघता तिथं लागेल, पुढं छोट्या होडीनं काठावर यायचं. ठराव जुनाच होता, पण काम सुरू झालं ते वसंता गेल्यावर.

वसंता म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा एकुलता एक मुलगा. परळच्या खोलीत जागा नाही म्हणून तो गावी आजीपाशी आणि माझ्यापाशी वाढला, माझ्याच शाळेत शिकला. सतराव्या वर्षी मुंबईला जाऊन गिरणीत बदलीवर लागला आणि दोन वर्षांनी संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत, फाउंटनकडच्या गोळीबारात गेला. तो मोर्चात होता, की मोर्चा बघायला थांबला होता, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. मंडळानं मोर्चात होता असं धरलं. पुढच्याच मे महिन्यात सगळं मंडळ गावी आलं आणि तीन आठवड्यांत बेट उभं केलं. शाळेच्या मुलांनी दगड वाहिले, मीही वाहिले. सर्वांत वर एक घडीव काळा दगड बसवला, त्याच्यावर वसंताचं नाव. सरकारी कचेरीत द्यायला गावातर्फे पत्र हवं होतं. ‘गावाची हरकत नाही’ हे पत्र माझ्या हातचं आहे.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. बेटाच्या मागं, उत्तरेच्या अंगाला वाळू साचत गेली, इतकी की आता ओहोटीला बेट त्या काठाला जवळजवळ चिकटतं आणि पडाव पूर्वीपेक्षाही लांब अडतो. उत्तरेची वाट बुजली तशी खाडीचं सगळं पाणी दक्षिणेनं धावायला लागलं. दक्षिणेला खालची वाडी आहे. पहिल्या आषाढात तिथले माड गेले आणि दोन घरांची परसं गेली. दुसऱ्या आषाढात तीन घरं गेली. अकरा उरली आहेत. खालच्या वाडीतल्या बायका ज्या पुळणीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत, ती पुळण चिखलाखाली गेली. तिसरा आषाढ यायच्या आत दगड काढायचे, तर माणसं मंडळाचीच लागणार, आणि मंडळ माझ्या दिरांच्या शब्दाबाहेर नाही. पत्र लिहून हे काम होणारं नव्हतं. पत्रानं काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. म्हणून चैत्रात शाळेतून रजा काढली आणि बोटीत बसले.

गिरगाव

पहिले दोन दिवस कमलकडे राहिले. ती माझ्याबरोबर ट्रेनिंग कॉलेजात होती, आता गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. कमलनं आधी हातात बादली दिली. “अंघोळ करून घे, नळ जाईल. इथं सध्या दोनच प्रश्न विचारतात. नळ आला का, आणि मुंबई आली का.” चाळीच्या जिन्यात फळा लावला होता. त्यावर संध्याकाळच्या सभेची जागा आणि वेळ लिहिली होती, खाली कोणाची तरी किल्ली सापडल्याची सूचना. पोरं जिना उतरताना घोषणा देत उतरत आणि चढताना दमून गप्प चढत.

सकाळी कमलनं पोहे केले. ओलं खोबरं चिमूटभर घातलं आणि “खोबरं घातलंय हं” असं सांगितलंही. आमच्याकडे कोणी सांगणार नाही. नसतं तर विचारलं असतं.

तिच्या शेजारी अण्णा म्हणून सत्तरीचे गृहस्थ राहतात. उभी नोकरी बंदरात झाली. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं आणि खोली मोजून लिहायची, हे त्यांचं काम. कमलनं त्यांना माझ्या बेटाचं सांगितलं होतं. संध्याकाळी ते टोपी घालून दारात उभे. “चला, चौपाटीवर. घरात बसून पाणी समजत नाही.”

चौपाटीवर भेळेच्या गाड्या, मुलं, आणि एका बाजूला सभेसाठी ठोकत असलेलं व्यासपीठ होतं. अण्णा त्या गर्दीकडे न बघता पाण्याच्या कडेनं चालत राहिले. मरीन ड्राइव्हच्या भिंतीकडे काठीनं दाखवून म्हणाले, “तिथं वाळू आहे का? नाही. इथं आहे. का?”

“इथं आडोसा आहे,” मी म्हटलं.

“बरोबर. मास्तरीण आहात, लवकर समजेल. पाण्याच्या अंगात जोर आहे तोवर ते वाळू उचलून नेतं. जोर सरला की टाकतं. सगळं शास्त्र एवढंच. तुम्ही मध्ये बेट घातलंत. बेटाच्या पाठीमागं जोर सरणार, तिथं वाळू पडणार. बेटाच्या कडेनं पाण्याला जागा कमी, म्हणजे जोर वाढणार, तिथं ते खणणार. आणि पाठीमागं पडली ती वाळू कोणाच्या तरी वाटणीची होती. पूर्वी ती पुढच्या काठाला मिळत होती. त्या काठाचं जातं तेवढं जात राहतं, येणं मात्र बंद.”

“मग दगड काढले की झालं.”

 ओल्या वाळूत अण्णांनी काठीनं एक रेघ ओढली, लाट आली, रेघ अर्धी पुसली. “तसं नसतं हो. पाण्यानं नवी वाट खोल केली आहे. दगड काढलेत म्हणून ते उठून जुन्या वाटेनं जाईलच असं नाही. जाईल कदाचित. वाळू हळूहळू सुटेल. दोन वर्षं लागतील, दहा लागतील. मी बंदरात असले प्रश्न साहेबांना विचारताना ऐकलेत. खरं बोलणारा साहेब ‘बघू’ म्हणायचा.”

मी मुंबईला आले होते ते एका उत्तरासाठी, आणि मिळालं ते हे. परत फिरताना मी भेळवाल्याकडून रद्दीच्या दोन जाड पिशव्या घेतल्या आणि एकात एक घालून त्यात वाळू भरली. अण्णांनी कशाला ते विचारलं नाही. कमलनं विचारलं. “शाळेला,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन परळच्या ट्राममध्ये बसले. भायखळ्याच्या आसपास पिशवीचा तळ ओला होऊन फाटला आणि वाळू लुगड्यावरून खाली धार धरून सांडू लागली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. “बाई, चौपाटीच घेऊन निघालात? मग उद्या आम्ही भेळ कुठं खायची?” सगळी ट्राम हसली. समोरच्या भाजीवाल्या बाईनं आपली रिकामी टोपली पुढं केली. “भरा हितं. हसतायत काय मेले, उतरताना पुसायला कोण येणार हाय?” वाळू टोपलीत भरली, उतरताना माझ्या शबनम पिशवीत ओतून घेतली. निम्मी तरी वाचली.

शिवडी

दिरांची खोली परळला. दार उघडलं ते अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जावेनं. दोन वर्षांत बाई अर्धी झाली आहे. दीर खाटेवर बसले होते. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. शाळेत मी शंभर पोरांवर ओरडते, पण इथं पदर डोक्यावर घेऊन भिंतीशी उभी राहिले. दीर अक्कांकडे बघून म्हणाले, “इचार तिका, बोट लागली नाय मां?”

“नाही लागली म्हणावं,” मी अक्कांना सांगितलं. खोली दहा फुटांची. पण असंच बोलणं चाललं.

भिंतीवर वसंताचा फोटो होता, मंडळाच्या खोलीतही एक आहे. मी आले कशाला ते त्यांना ठाऊक असावं. गावचं माणूस बोलतंच. पण त्यांनी काही विचारलं नाही, जेवून दुसऱ्या पाळीला गेले.

दुपारी अक्का म्हणाल्या, “चल, शिवडीक जाऊया. कोलीण येता थय, कालवां मिळाली तर बघूया.” कालवं मिळतील म्हणून नव्हे, खोलीत फोटोसमोर बसवेना म्हणून, हे मला कळलं. गोदामांमागून, मालगाडीचे रूळ ओलांडून आम्ही खाडीच्या बाजूला गेलो. ओहोटी होती. जिथवर नजर जाईल तिथवर करडा चिखल, लांब कुठंतरी पाण्याची रेघ. कडेला एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन दगडावर बसली होती. अक्कांची ओळखीची. हिराबाय म्हणाल्या तिला.

“कालवां नाय आज,” हिराबाय म्हणाली. “आज नाय, काल नाय. बाय, माझी आय हितं त्या दगडांवर बसून दोन भरत्यांच्या मधी टोपली भरायची. बाहेर भराव घातला, तवापासून ह्यो चिखोल. दगड हाईत अजून. हाताखाली लागतात. पर वर चिखोल बसला, कालव मरतो. त्येला चाटायला सोच्छ पानी लागतं.”

“तेव्हा तुम्ही कोणी बोलला नाहीत?” मी विचारलं. शिक्षिकेची सवय.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “इचारलं कोनी?”

आणि मग अक्कांकडे वळून, “तुझा पोर गेला ती तू ना गो?” अक्कांनी मान हलवली. हिराबायनं टोपलीच्या तळातून सुक्या बोंबलाची जुडी काढून त्यांच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. अक्काही द्यायला गेल्या नाहीत.

परत येताना रुळांशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. अक्का गाडीकडे बघत म्हणाल्या, “खालच्या वाडीत कोणाची घरां गेली?”

मी तीन नावं सांगितली. तिसरं त्यांच्या मावसबहिणीचं.

“माका कोणी सांगूक नाय.”

“कोण सांगणार? बेटावर त्याचं नाव आहे.”

 गाडी गेल्यावर म्हणाल्या, “मी त्यांका सांगूचंय नाय. माज्यान होऊचा नाय. तूच सांग, रविवारी मंडळात. सगळ्यांसमोर सांग, नायतर ते आयकून घेऊन गप रवतले.”

लालबाग

आमच्या मंडळाची खोली लालबागला आहे. खोली एक, माणसं तेवीस. पाळीनं कामाला जातात आणि पाळीनं झोपतात. ट्रंका भिंतीला लावलेल्या, वर दोऱ्यांवर कपडे. रविवारी सगळे हजर असतात. त्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात होता, चांगला होता. बायामाणसानं तिथं जेवायची रीत नाही. पण मी गावची मास्तरीण म्हणून मला आधी वाढलं, आणि मी जेवेपर्यंत तेवीस माणसं भिंतीकडं तोंड करून बसली. इतकं संकोचून मी कधी जेवले नव्हते.

जेवणं झाल्यावर मी मोठी परात मागितली. परातीत वाळू पसरली, पाण्यानं ओली करून दाबून बसवली आणि बोटानं खाडी कोरली. बापू म्हणून एक साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, कामगार आहे, खोलीतला विनोदी. तो म्हणाला, “गप बसा रे, बाईंनी शाळा भरवल्यानी. हजेरी घेतली तर परब्याचो नंबर पयलो लावा, तो कधी शाळेत गेलोच नाय.” हसणं झालं. मी त्याच्याकडूनच सात-आठ काडेपेट्या मागून घेतल्या आणि दक्षिणेच्या काठावर ओळीनं ठेवल्या. “ही खालची वाडी.” मध्ये एक वाटी पालथी घातली. “हे बेट.”

हसणं थांबलं. दीर दाराशी ट्रंकेवर बसले होते. अक्का त्यांच्या मागं, दाराबाहेर.

परात जराशी कलती केली आणि तांब्यातून सावकाश, बारीक धार सोडली. पाणी वाटीच्या दोन्ही बाजूंनी शहाण्यासारखं वाहून गेलं. काडेपेट्या जागच्या जागी.

“बगा!” परब म्हणाला. “काय्येक झाला नाय. आमी जागो बगूनच दगड घातले. तीन आठवडे रोज पाणी बगीत होतो.”

“हा मे महिना,” मी म्हटलं. “तुम्ही सगळे मे महिन्यात येता. गणपतीला येता, तोवर पूर ओसरलेला असतो. शिमग्याला येता. आषाढातली खाडी तुमच्यातल्या कोणी शेवटची कधी पाहिली?”

 आषाढात गिरणी रजा देत नाही. आणि समुद्र बंद, बोट बंद. दहा-बारा वर्षांचे असताना ते मुंबईला आले आहेत. आपल्या खाडीची सुट्टीतली तोंडओळख तेवढी त्यांना आहे. त्यात त्यांचा दोष काय, पण बेट त्याच ओळखीवर उभं राहिलं.

“हा आषाढ,” म्हणून मी भरला तांब्या एकदम ओतला.

वाटीच्या मागं वाळूची एक जीभ उठली आणि उत्तरेच्या काठाला जाऊन चिकटली. ती वाट बुजली तसं पाणी सगळं दक्षिणेनं घुसलं. काठ खालून पोखरला, वरून ढासळला, आणि काडेपेट्या एकेक करून कलंडून परातीच्या तळाशी गेल्या. पाचवीशी थांबलं, कारण तांब्या संपला. बापूनं पाण्यातल्या काडेपेट्यांकडे हात नेला आणि परत घेतला.

“परत ओत.”

हे दीर म्हणाले. मला म्हणाले, अक्कांना नव्हे. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बघत राहिले. ते ट्रंकेवरून उठले, परातीशी येऊन बसले आणि वाटी त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली.

मी ओतलं. पाणी आधी कोरलेल्या दक्षिणेच्या वाटेनंच गेलं. वाळूची जीभ थोडी झिजली, पण होती. काठाचा आणखी एक लचका पडला. सहावी काडेपेटी काठावर अर्धी लोंबत राहिली, पडली नाही.

“दगड काढले तर घरां रवतली?” त्यांनी विचारलं.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तिथंच ठराव झाला असता.

“मला ठाऊक नाही,” मी म्हटलं. “काही राहतील. किती, ते सांगता येत नाही. नाही काढले तर एकही राहणार नाही, एवढं ठाऊक आहे.”

“म्हणजे त्याचा नाव काडायचा, आणि घरां जायत तर जायतच.”

“होय.”

“हरकत नाय म्हणान तूच लिवलंस मां?”

“मीच लिहिलं.”

“तेवा तुका ठाऊक होता?”

हा प्रश्न मला कोणी तरी कधी तरी विचारणार हे मी धरून होते. तो अक्कांच्या देखत यावा असं मात्र वाटलं नव्हतं. “पडाव चालवणारा भिवा तांडेल माझ्याकडे आला होता. म्हणाला, बाई, त्या खडकाक हात लावू नको म्हणून लिवा, पाणी वाडीत येतला. मी त्याला म्हटलं, तू सांग ना मंडळाला. तो म्हणाला, पोर गेलेल्या बापाक मी कसा सांगू? मग मीही तसं लिहिलं नाही. गावात आणखी चार जणांना ठाऊक होतं. सगळ्यांनी दगड वाहिले.”

 वाळूनं भरलेले हात दिरांनी पंच्याला पुसले, उठले आणि खाली उतरून गेले. चपला दाराशीच राहिल्या. परब म्हणाला, अर्धं बेट ठेवावं, नावाच्या दगडाकडचं. बापू त्याच्यावर ओरडला. एक जण म्हणाला, मास्तरणीला पढवून कोणी पाठवलं ते शोधा. दोन तास वाद झाला आणि ठराव झाला नाही. दिरांशिवाय होणार नव्हताच. मी परात घासली. वाळू कुठं टाकायची ते मुंबईत कळत नाही. शेवटी खाली एका कुंडीत ओतली.

भाऊचा धक्का

मंगळवारची बोट होती. सोमवारी दीर कामावर गेले, आले, जेवले, झोपले. माझ्याशी बोलले नाहीत आणि अक्कांमार्फतही नाहीत. मी गावी काय सांगायचं ते मनात जुळवत होते. जुळत नव्हतं.

या आठवड्यात त्यांची पहिली पाळी होती, ती टाकून मंगळवारी सकाळी ते मला पोचवायला आले. धक्क्यावर नेहमीची हमालांची आरडाओरड होती, कोंबड्यांच्या टोपल्या होत्या, गावी निघालेल्या बाळंतिणी होत्या. दीर माझी ट्रंक स्वतः घेऊन उभे होते. शिडी लागायला वेळ होता.

“मे म्हयन्यात पोरां येतली,” ते म्हणाले. “पारयो घेऊन येतली. त्यांका सांगितलंय मी. एकूण एक दगड काडायचो, अर्धोबिर्धो नाय.”

“बरं.”

“तेच दगड खालच्या वाडीच्या पायाक बांध म्हणून घाला. वाया घालवू नुको.”

“घालू.”

“नावाचो दगड फोडू नुको.”

“नाही फोडणार. तो बांधात वर लावू, दिसेल असा.”

“दिसात असो नुको,” ते म्हणाले. “नाव आत करून लावा. जमनीकडे. भायर ठेवलात तर परत कोण काय बोलूचो नाय. परत सगळे गप दगड व्हायतले.”

शिडी लागली. त्यांनी ट्रंक माझ्या हातात दिली. मी पदर सारखा करून नमस्कार केला आणि चढले. वरून पाहिलं तेव्हा ते बोटीकडं पाठ करून निघालेही होते. पाळीचा उरलेला अर्धा दिवस भरायचा असावा.

घरी

मंडळ आलं. बापूनं पहिली पहार घातली आणि त्या तीन आठवड्यांत त्यानं एकदाही विनोद केला नाही. बेट बांधायला जितके दिवस लागले तितकेच मोडायला लागले. नावाचा दगड भिवा तांडेलानं बांधात बसवला, नाव आत करून. कुठला तो आता सांगता येत नाही, सगळे काळेच आहेत.

चाकरमानी जूनच्या आधी परत गेले. आषाढात दीर आले. बोट बंद, म्हणून मोटारीनं, तीन गाड्या बदलत, भिजून. गिरणीतली नोकरी राहील की जाईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी चहा घेतला आणि म्हणाले, “चल, बगूया.”

खाडी भरून चालली होती. तांबडं पाणी, त्यात झाडांची खोडं, एक मेलेली म्हैस, कोणाच्या तरी कुंपणाची काठी. आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. खालच्या वाडीतलं एक घर आदल्या दिवशी गेलं होतं. दहा उभी होती. बांध होता. पाणी त्याला घासून जात होतं. उत्तरेची वाळू अजून होती, जराशी झिजलेली. मला वाटलं झिजलेली. त्यांना काय वाटलं ते ठाऊक नाही.

“एवढा पाणी?” ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

“दर वर्षी एवढंच.”

 मग ते म्हणाले, “वसंताक ठाऊक होता?”

“होतं. सगळे पावसाळे तो इथंच होता.”

“तो माका सांगतलो होतो.”

“सांगितलं असतं.”

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, असल्या दिवसांत तो शाळेत कुठल्या वाटेनं यायचा. खालची वाट पाण्यात असायची, तेव्हा तो वरून, काजूच्या रानातून यायचा. मी हात करून वाट दाखवली. ते त्या वाटेनं चढू लागले, पायाखाली बघत, परक्या गावात चालतात तसे.